घरच्या ताकाचे कुरकुरीत वॅफल

चौकातल्या गाडीवर काडीला टोचून मिळणारा वॅफल आणि अमेरिकेतल्या घरांत सुट्टीच्या सकाळी होणारा ताकाचा वॅफल, हे दोन वेगळे पदार्थ आहेत. गाडीवरच्या वॅफलवर चॉकलेट, क्रीम आणि बिस्किटांचा चुरा इतका असतो की खालच्या वॅफलची चव शोधावी लागते. ताकाचा वॅफल जेमतेम गोड, बाहेरून कुरकुरीत, आतून हलका, आणि खाताना मागून किंचित आंबूस लागणारा. इथे कृती त्याची आहे.

घरी वॅफल करून पाहिलेल्यांची तक्रार बहुतेक एकच असते: मशीनमधून काढला तेव्हा मस्त होता, ताटलीत येईपर्यंत मऊ पडला. दोष मशीनचा नसतो, पाण्याचा असतो. खाली दिलेल्या प्रमाणाने भिजवलेल्या पिठाचं निम्म्याहून जास्त वजन पाण्याचंच असतं. त्यातलं पुष्कळसं पाच मिनिटांत वाफ होऊन निघून गेलं पाहिजे आणि निघालेली वाफ वॅफलमध्ये परत मुरता कामा नये. दाट ताक, तूप, कॉर्नफ्लोअर, कडक तापलेला साचा, जाळीवर ठेवणं, या सगळ्या सूचना त्या एका कामासाठीच आहेत. हे एकदा लक्षात आलं की कृती पाठ करावी लागत नाही.

ताक कोणतं घ्यायचं

अमेरिकन कृतींमधलं बटरमिल्क आणि आपलं ताक यांचं मूळ एकच. साय विरजून घुसळली, लोणी वर आलं, खाली उरलं ते ताक. तिकडच्या शेतघरांतही हेच चालायचं. आता तिथल्या दुकानांत जे मिळतं ते मात्र लोण्याखालचं नसतं. कमी स्निग्धांशाच्या दुधाला विरजण लावून ते तयार करतात. ते दाट असतं, कार्टनमधून ओतताना संथ पडतं. आपण जेवणानंतर पितो ते ताक त्याच्या मानाने पाणीच. म्हणून अमेरिकन कृतीतलं ‘दोन कप बटरमिल्क’ वाचून दोन कप पातळ ताक ओतलं की पीठ सैल होतं, मग मैदा वाढवला जातो, मग वॅफल चिवट होतो.

सर्वांत सोपा उपाय: तीन भाग दही, एक भाग पाणी, आणि रवीने गुठळ्या मोडेपर्यंत घुसळणं. चमच्याच्या पाठीवर पांढरा थर धरून राहिला की दाटपणा बरोबर. मिक्सरला लावू नका, नुसता फेस होतो आणि माप चुकतं.

घरी लोणी काढत असाल तर ते ताक याहून चवदार, पण पातळ असतं. ते रात्री उंच भांड्यात न हलवता फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी वर निवळ आलेली असेल, ती अलगद ओतून काढा आणि खालचं दाट ताक घ्या. निवळ फेकायची नाही, पोळ्यांची कणीक भिजवायला चालते. शिवाय त्याच लोण्याचं कढवलेलं तूप पुढे याच पिठात घालायचं आहे. वॅफल परदेशी असला तरी त्याचे दोन मुख्य घटक आपल्या सायीच्या एकाच भांड्यातून निघतात, हे मला फार आवडतं.

पिशवीतलं मसाला ताक नको, त्यात मीठ, जिरं, हिंग आलंच. दुधात लिंबू पिळून ‘बटरमिल्क’ करण्याची युक्ती इंटरनेटवर सगळीकडे आहे. तीन-चार महिने दही न लागणाऱ्या घरांसाठी ती ठीक. ज्या घरात रोज विरजण लागतं तिथे तिची गरज नाही, आणि त्या दुधाला ना ताकाचा दाटपणा येतो ना चव. तुम्ही अमेरिकेत असाल तर कार्टनमधलं बटरमिल्क जसंच्या तसं वापरा, फक्त त्यावर मीठ लिहिलेलं आहे का बघा आणि असेल तर पिठातलं मीठ कमी करा.

साहित्य

चार जणांच्या नाश्त्याला पुरेल असं प्रमाण आहे. दोन खाचांच्या लहान मशीनमध्ये दहा-बारा वॅफल होतात, खोल गोल साच्यात पाच. कप म्हणजे २४० मिलिचा, लहान चमचा ५ मिलिचा, मोठा चमचा १५ मिलिचा, आणि सगळी मापं सपाट. वजनकाटा असेल तर ग्रॅमवरच जा.

मैदा २१० ग्रॅम, म्हणजे पावणेदोन कपांच्या किंचित आत
कॉर्नफ्लोअर ४० ग्रॅम, म्हणजे पाच मोठे चमचे
साखर २ मोठे चमचे
बेकिंग पावडर दीड लहान चमचा
खायचा सोडा अर्धा लहान चमचा
मीठ अर्धा लहान चमचा
दाट ताक ४०० मिलि (३०० ग्रॅम दही आणि १०० मिलि पाणी)
अंडी २
साजूक तूप ८० ग्रॅम, पातळ करून, म्हणजे सहा मोठे चमचे
व्हॅनिला इसेन्स १ लहान चमचा, हवा असेल तर

तूप का, लोणी किंवा बटर का नाही? बटरमध्ये साधारण ८० टक्के स्निग्धांश असतो आणि उरलेल्यात बहुतेक पाणी. तुपात पाणी नसतं. ज्याच्यातून पाणी घालवायची एवढी खटपट चालली आहे त्यात आणखी पाणी कशाला? तेलानेही वॅफल तुपाइतकाच कुरकुरीत होतो, पण चवीला तेल मुकं असतं. बटरच घालायचं असेल तर १०० ग्रॅमची अख्खी वडी वितळवून घाला, आणि आपलं बटर खारट असल्याने पिठात मीठ फक्त चिमूटभर.

कॉर्नफ्लोअर म्हणजे पांढरा, बोटांत करकरणारा मक्याचा स्टार्च. पिवळं मक्याचं पीठ नव्हे. अमेरिकेत तो कॉर्नस्टार्च या नावाने मिळतो. त्यात ग्लूटेन नाही, त्यामुळे मैद्याचा चिवटपणा कमी होतो आणि पापुद्रा ठिसूळ होतो. घरात नसेल तर तेवढीच बारीक तांदळाची पिठी घाला. खरं सांगायचं तर पिठीने कवच जास्त कडक होतं आणि ते मला अधिक आवडतं, पण मुलांना कॉर्नफ्लोअरचं हलकं कवच बरं वाटतं.

साखर वाढवायचा मोह टाळा. दोन चमच्यांनी रंग येतो. त्यापुढे गेलात तर साचा चिकटायला लागतो, कडा आत शिजायच्या आधी करपतात, आणि साखर हवेतला ओलावा ओढत असल्याने वॅफल लवकर मऊ पडतो. गोडी वरून ओतायची आहेच.

सोडा आणि पावडर, दोन्ही का

बेल्जियममधले जुने वॅफल यीस्टने फुगवलेले. अमेरिकन वॅफलला यीस्ट लागत नाही, याचं श्रेय सोड्याला. जॉन ड्वाइट आणि ऑस्टिन चर्च यांनी १८४६ मध्ये तिथे खायच्या सोड्याचा धंदा सुरू केला, आणि आंबट ताक व सोडा ही जोडी स्वयंपाकघरांत रुळत गेली. पुढे २४ ऑगस्ट १८६९ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावच्या कॉर्नेलियस स्वार्टवाउट यांना चुलीवर ठेवून उलटता येईल अशा वॅफलच्या साच्याचं पेटंट मिळालं. रात्रभर पीठ आंबवण्याचं काम गेलं आणि वॅफल सकाळच्या घाईत बसला.

ताकातलं लॅक्टिक आम्ल आणि सोडा भेटले की लगेच कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सुटतात. ही क्रिया भांड्यातच सुरू होते आणि थोड्या वेळात ओसरते. बेकिंग पावडरचा मोठा हिस्सा उष्णता लागल्यावर काम करतो, म्हणून शेवटचा वॅफलही फुगतो. सोड्याचं दुसरं कामही आहे: आंबट पिठाला तांबूस रंग लवकर चढत नाही, सोडा आंबटपणा थोडा मारतो आणि रंग सुधारतो. पण सगळा मारायचा नाही. सोडा जास्त झाला की साबणासारखी चव येते आणि जागोजागी पिवळसर डाग दिसतात.

दही अगदी ताजं, गोडसर असेल तर सोडा पाव चमचा करा आणि बेकिंग पावडर दोन चमचे. तीन-चार दिवसांचं आंबट दही असेल तर वरचंच प्रमाण ठेवा. ढोकळ्याच्या सवयीने इनो घालू नका. त्यात सोडा आणि आम्ल दोन्ही असतात आणि फसफस एकदम होऊन संपते. ढोकळा एका दमात वाफेला जातो म्हणून तिथे जमतं; वॅफल एकामागून एक भाजायचे, तिसऱ्यापर्यंत पीठ बसलेलं असतं.

पावसाळ्यात, त्यातून कोकणात, उघडी बेकिंग पावडर दमट होऊन निकामी होते. अर्धा चमचा पावडर गरम पाण्यात टाका. जोरात फसफसली तरच वापरा.

आदल्या रात्री

सकाळी सातला सगळं मोजत बसलात तर नाश्ता नऊला होईल. रात्री सगळं कोरडं साहित्य चाळून एका डब्यात भरून ठेवा. महिनाभराचा असा मिक्स करून ठेवला तरी चालतो, डबा घट्ट हवा. ताक घुसळून फ्रिजमध्ये. तूप बाहेरच.

सकाळी ताक आणि अंडी अर्धा-पाऊण तास आधी बाहेर काढा. विसरलात तर ताकाचं भांडं कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवा. थंडगार ताकात पातळ तूप पडलं की ते कणी होऊन गोठतं, पिठात नीट मिसळत नाही, आणि ती कणी साच्यावर वितळते तिथे वॅफलला भोकं पडतात.

पीठ भिजवणं

अंडी फोडताना पांढरा आणि बलक वेगळे करा. बलक ताकात घालून फेटा, मग कोमट तूप बारीक धारेने ओतत फेटा, शेवटी व्हॅनिला. कोरड्या मिश्रणात मध्ये खळगा करा आणि सगळं ओलं एकदम ओता.

आता हात आखडायचा. मोठ्या चमच्याने तळापासून वर उचलत दहा-पंधरा वेळा फिरवा, एवढंच. कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबा. साबुदाण्याएवढ्या गुठळ्या राहिल्या तर राहू द्या, त्या भाजताना विरतात. पोळ्यांची कणीक मळणाऱ्या हाताला हे अर्धवट सोडणं पटत नाही, पण मैदा जितका घोटाल तितकं ग्लूटेन ताणलं जातं आणि वॅफल रबरी होतो.

पीठ भज्यांच्या पिठाहून सैल आणि घावनाच्या पिठाहून बरंच घट्ट हवं. चमच्यावरून अखंड धारेने न पडता जाडसर पट्ट्यांत ओघळावं. फार घट्ट वाटलं तर दोन चमचे ताक घाला. सैल वाटलं तर लगेच मैदा घालू नका, आधी दहा मिनिटं झाकून ठेवा. मैदा पाणी शोषून घेतो आणि पीठ आपोआप दाटतं. हा दहा मिनिटांचा आराम प्रत्येक वेळी द्यायचाच आहे, आणि याच वेळात मशीन तापवायचं आहे.

पांढरा भाग कोरड्या, तुपाचा हात न लागलेल्या भांड्यात फेटा. बलकाचा थेंब जरी पडला तरी फेस नीट चढत नाही. फेटणी उचलल्यावर टोक वर येऊन किंचित वाकलं की पुरे. कडक, कोरडा फेस पिठात मिसळता मिसळत नाही. पिठाचा आराम झाल्यावर एक तृतीयांश फेस घालून पीठ थोडं सैल करा, मग उरलेला दोन वेळा, हलक्या हाताने उलथत. पांढरे पट्टे राहिले तरी हरकत नाही.

हे फेटणं सक्तीचं आहे का? नाही. सोडा आणि पावडर असताना अख्खी अंडी ताकात फेटून घातली तरी चांगला वॅफल होतो. पातळ साच्याच्या मशीनमध्ये फरक थोडा जाणवतो. खोल खाचांच्या मशीनमध्ये मात्र मी हा टप्पा गाळणार नाही. तिथे वॅफल जाड असतो आणि आतला भाग फेसाशिवाय पावासारखा गच्च होतो.

मशीनबद्दल

बाजारातली बहुतेक घरगुती मशीन ७०० ते १००० वॅटची, नॉनस्टिक असतात. पातळ, उथळ खाचांचं अमेरिकन पद्धतीचं आणि जाड, खोल खाचांचं बेल्जियन म्हणून विकलं जाणारं, असे दोन प्रकार. बेल्जियन वॅफल हे नाव अमेरिकेत लोकप्रिय झालं ते १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक मेळ्यात. प्रत्यक्ष बेल्जियममध्ये ब्रुसेल्सचा वॅफल वेगळा, हलका आणि चौकोनी. लिएजचा वेगळा, मळलेल्या पिठाचा, जाड साखरेचे खडे घातलेला. आपल्या ताकाच्या पिठाला उथळ साचा जास्त मानवतो, कारण पीठ कमी आणि पृष्ठभाग जास्त, म्हणजे वाफ लवकर सुटते. नवीन घेणार असाल आणि कुरकुरीतपणा हवा असेल तर उथळ घ्या, आणि वॅट जितके जास्त तितकं बरं.

सँडविच टोस्टरमध्ये होईल का, असं हमखास विचारलं जातं. पट्ट्यांचा ग्रिल असेल तर चवीला चांगली ताकाची जाड धिरडी होतील. खाचांना खोली नाही, म्हणून वॅफल नाही. प्लेट बदलता येणारं मशीन असेल तर वेगळी गोष्ट.

गॅसवर ठेवायचा बिडाचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा साचाही मिळतो. बिडाच्या साच्याला तव्यासारखंच तेल पाजून मुरवावं लागतं, दोन्ही बाजू मध्यम आचेवर पाच-पाच मिनिटं तापवाव्या लागतात, आणि पीठ ओतल्यावर दर दीड-दोन मिनिटांनी साचा उलटावा लागतो. त्रास आहे, पण त्यातला रंग विजेच्या मशीनला येत नाही.

भाजणं

मशीनचा हिरवा दिवा लागला की बहुतेक जण पीठ ओततात. तिथे पाच मिनिटं आणखी थांबा. दिवा फक्त आतल्या एका ठिकाणचं तापमान सांगतो. जड प्लेट सगळीकडे सारखी तापायला वेळ लागतो. पाण्याचा थेंब टाकला तर तो नाचून क्षणात उडाला पाहिजे. पहिला वॅफल फिका आणि चिकट होण्याचं कारण नव्वद टक्के वेळा हेच.

खाचांना ब्रशने तुपाचा किंवा तेलाचा पातळ हात फिरवा, वरच्या प्लेटलाही. डब्यातला फवारा नॉनस्टिकवर नको. त्यातल्या लेसिथिनचा चिकट थर बसतो आणि तो निघत नाही. साच्याला काही न लावता ओतल्याची प्रसिद्ध गोष्ट बिल बॉवरमन यांची. ओरेगॉनमधले हे धावण्याचे प्रशिक्षक, नाइके कंपनीच्या संस्थापकांपैकी एक. १९७१ मध्ये बुटाचा नवा तळवा करून पाहायला त्यांनी बायकोच्या वॅफलच्या साच्यात युरेथेन ओतलं आणि साचा कायमचा बंद झाला. तळव्याची कल्पना पुढे यशस्वी झाली, साचा गेला.

लहान मशीनच्या प्रत्येक खाचेत ७० ते ८० मिलि पीठ, म्हणजे पळीभर. गोल, खोल साच्याला पाऊण कप. मध्ये ओता आणि चमच्याने कडांच्या अर्ध्या इंच आतपर्यंतच पसरवा. उरलेलं पीठ झाकण टेकल्यावर स्वतः पसरतं. पहिल्यांदा थोडं कमीच ओता. कोपरे अपुरे राहिलेले चालतात, बाहेर वाहिलेलं पीठ बिजागरीत शिरून करपतं.

झाकण लावा आणि हात लावू नका. पहिल्या मिनिटात वाफेचे लोट निघतील. तीन मिनिटांच्या आत झाकण उचललं तर वॅफल मधोमध फाटून अर्धा वर, अर्धा खाली चिकटतो, आणि मग टूथपिकने उकरत बसावं लागतं. मशीनचा दिवा, घंटा यांच्याकडे दुर्लक्ष करा आणि वाफेकडे बघा. वाफ जवळजवळ थांबली म्हणजे पिठातलं सुटं पाणी गेलं. उथळ साच्यात याला साधारण चार-पाच मिनिटं लागतात, खोल साच्यात सहा-सात. झाकण हलकेच उचलून बघा. अडलं तर जोर न लावता आणखी मिनिटभर बंद ठेवा, झाला की वॅफल स्वतः सुटतो. रंग मधाचा, कडेला किंचित गडद. फिकट सोनेरी असताना काढला तर तो कुरकुरीत राहणार नाही, दिसायला कितीही छान असला तरी.

काढायला लाकडी किंवा सिलिकॉनचा चिमटा. सुरी, काटा नको; एक ओरखडा पडला की पुढचा प्रत्येक वॅफल तिथेच चिकटतो. पुढचा घाणा ओतण्याआधी झाकण बंद करून मशीन मिनिटभर पुन्हा तापू द्या.

बाहेर काढल्यावरची दोन मिनिटं

गरम वॅफल सपाट ताटलीत ठेवला की खालून निघणारी वाफ ताटलीला अडून परत त्यातच मुरते. एकावर एक रचलेत तर सगळेच एकमेकांना वाफ देतात. रेस्टॉरंटच्या फोटोतली ती उंच चळत फोटोपुरतीच. वॅफल जाळीवर ठेवा. केक गार करायची जाळी नसेल तर पापड भाजायची जाळी दोन वाट्यांवर टेकवा. मशीनमधून निघाल्या निघाल्या तो किंचित लवचीक असतो. मिनिटभरात कवच कडक होतं.

सगळ्यांना एकत्र बसून खायचं असेल तर ओव्हन १०० अंशांवर ठेवून आत जाळीवर वॅफल ठेवा, एकेरी थरात, वरून काही न झाकता. वीस-पंचवीस मिनिटं छान राहतात. ओव्हन नसेल तर सगळे भाजून झाल्यावर प्रत्येक वॅफल तापलेल्या मशीनमध्ये अर्धा मिनिट परत ठेवून वाढा. मायक्रोवेव्ह चुकूनही नको, आणि पोळ्यांच्या डब्यात रुमालात गुंडाळून तर मुळीच नाही.

अंड्याशिवाय

गुरुवार, चतुर्थी किंवा घरात अंडं येतच नसेल तर वॅफल अडत नाही, पण फक्त अंडी वगळून चालत नाही. अंडं पिठाला बांधतं, रंग देतं आणि साच्यातून सुटायला मदत करतं. म्हणून मैदा १९० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर ६० ग्रॅम, दूध पावडर दोन मोठे चमचे, बेकिंग पावडर दोन लहान चमचे, सोडा अर्धा, तूप ९० ग्रॅम, ताक ४२० मिलि. साखर, मीठ तेवढंच. दूध पावडर रंगासाठी आहे; तिच्यातली साखर आणि प्रथिनं भाजताना तांबूस होतात. पीठ पंधरा मिनिटं ठेवा, साच्याला प्रत्येक वेळी तूप लावा आणि भाजायला एक मिनिट जास्त द्या. हा वॅफल कवचाला अंड्याच्याइतकाच कुरकुरीत, आतून थोडा जास्त मऊसर. केळं कुस्करून घालायचा सल्ला पुष्कळ ठिकाणी दिसतो. त्याने वॅफल बांधला जातो खरा, पण केळ्याचा ओलावा आणि गोडी दोन्ही कुरकुरीतपणाच्या विरुद्ध जातात. केळं वरून घ्या.

कणीक वापरायची तर निम्मा मैदा काढून तेवढीच घाला. चक्कीची कणीक पाणी जास्त पिते, म्हणून ताक दोन-तीन चमचे वाढवा. नाचणीचं पीठ पाव हिश्श्यापर्यंत छान लागतं, रंगही सुरेख येतो. त्यापुढे वॅफल भुसभुशीत होऊन साच्यात तुटतो. पौष्टिकतेच्या नावाखाली सगळी कणीक, तूप निम्मं आणि साखरेऐवजी खजूर असं एकदम करू नका. ते वॅफलच्या आकाराचं काहीतरी वेगळंच होतं.

वरून काय

मेपल सिरप ही अमेरिकेच्या ईशान्येची आणि कॅनडाच्या क्युबेकची देणगी. साधारण ४० लिटर रस आटवावा तेव्हा एक लिटर सिरप होतं, म्हणून ते महाग. दुकानात ‘पॅनकेक सिरप’ म्हणून स्वस्तात मिळतं ते बहुधा मक्याच्या साखरेचं, मेपलचा वास लावलेलं. त्याच्या वाटेला जाण्यापेक्षा कोल्हापूरकडची काकवी आणा. किंचित कोमट करून, वॅफलच्या खाचांत ताज्या लोण्याचा गोळा टाकून वरून ओतली की ताकाचा आंबूसपणा, लोण्याची चव आणि काकवीचा खमंगपणा असा काही जमून येतो की मेपलची आठवण होत नाही. डिसेंबर ते मार्च महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी मिळते. थोड्या साखरेत अर्धा तास मुरवा आणि सुटलेल्या रसासकट घ्या. काहीही घ्या, ते टेबलावर, खाणाऱ्याच्या हातात. स्वयंपाकघरातच ओतून आणलंत तर इतका वेळ बाहेर घालवलेलं पाणी तुम्ही परत घातलंत.

तिखट हवं असेल तर पिठातली साखर अर्ध्या चमच्यावर आणा, मिरं आणि बारीक चिरलेली कोथिंबीर घाला, वरून अंड्याची बुर्जी. अमेरिकेतही तळलेली कोंबडी आणि वॅफल हे आवडतं जोडखाणं आहेच.

उरलेले आणि मशीन

भिजवलेलं पीठ दुपारसाठी ठेवू नका. सोड्याचा जोर गेलेला असतो आणि फेस बसलेला. सगळं पीठ भाजून टाका आणि उरलेले वॅफल जाळीवर पूर्ण गार करून फ्रीझरमध्ये ताटलीवर वेगवेगळे गोठवा, मग पिशवीत भरा. साध्या फ्रिजच्या कप्प्यात ठेवाल तर स्टार्च लवकर शिळा पडून वॅफल चामट होतो. फ्रीझरमध्ये तसं होत नाही, महिनाभर टिकतात. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेच्या डॉर्सा बंधूंनी १९५३ मध्ये गोठवलेले वॅफल दुकानांत आणले तेही याच जोरावर. खायच्या वेळी गोठलेलाच वॅफल थेट टोस्टरमध्ये, दोन फेऱ्या. टोस्टर नसेल तर तव्यावर मंद आचेवर, झाकण न ठेवता, दोन्ही बाजूंनी.

मशीन बंद करून झाकण उघडं ठेवा. कोमट असतानाच मऊ कोरड्या फडक्याने खाचा पुसा, अडकलेले कण जुन्या मऊ टूथब्रशने काढा. करपलेला डाग असेल तर ओलं, घट्ट पिळलेलं फडकं दोन प्लेटच्या मध्ये दहा मिनिटं दाबून ठेवा, डाग सैल होतो. मशीन नळाखाली धरायचं नाही, घासणी लावायची नाही. बाहेर वाहून वाळलेलं पीठ मात्र त्याच दिवशी काढा. पुढच्या वेळी ते तापून धूर करतं.